कानामागची भरणी

८ एप्रिल १९३२, रत्नागिरी

माझ्या मुलाच्या, भिवाच्या कानाला किती पैसे पडले, असं मांडवीच्या धक्क्यावर भेटेल तो विचारतो. आगबोट, मुंबईची राहणी, औषधपाणी असं काहीबाही सांगून मी त्याला वाटेला लावतो. पण खरा हिशेब तो नव्हे. कानामागचं अंगठा मावेल एवढं हाड गेलं. मचव्याचं सुकाणू गेलं, ते आता आमचा खलाशी दाजी, त्याच्या हातात आहे. बायकोने, सत्यवतीने गणपतीपुळ्याला नवस बोलून दोन वर्षं मासळी तोंडात घातलेली नाही, आणि खारव्याच्या बाईने मासळी सोडणं म्हणजे काय ते आमच्याच घरात कळेल. पोराचं हसणं गेलं ते वेगळंच. जमेला एकच गोष्ट, पोर जिवंत आहे.

पाडव्याला ही वही घातली. कारण असं की, झाडगावात नवे डॉक्टर आलेत, हरिश्चंद्र नाचणकर. कानाचंच शिकून आलेत म्हणतात, मुंबईला आणि मग विलायतेला. परवा भिवाला दाखवायचा आहे. डॉक्टर लोक आज एक बोलतात, उद्या दुसरं. लिहून ठेवलेलं बरं.

भिवाचा उजवा कान लहानपणापासून वाहायचा. दोन वर्षांमागे कानामागे गळू आलं, ताप डोक्यात गेला. मुंबईला नेला, तिथे हाड कोरून सगळी घाण काढली. जीव वाचवला त्यांनी, त्यांना मी नाव ठेवणार नाही. पण कानाच्या मागे गुहा राहिली, आणि तिचं तोंड कानातच. त्या गुहेत गार वारा शिरला की भिवाला सगळं जग फिरतं. पाण्याचा शिंतोडा गेला तर उभाच राहवत नाही. मुंबईहून आल्यावर पहिल्याच फेरीला उत्तरेचा वारा सुटला आणि हा सुकाणू धरलेला सरळ समुद्रात गेला. दाजीने केसाला धरून वर काढला. तेव्हापासून जमिनीवर.

माझं पोर आणि कान खराब, ह्याचंच मला नवल वाटतं. मी हर्ण्याला डोकीवर टोपली घेऊन सुरुवात केली, शाळा चार यत्ता. पुढे जे मिळवलं ते ह्या दोन कानांवर. लिलावात व्यापारी एकमेकांच्या कानाला लागले की कुठवर चढायचं ठरतंय ते मला कळायचं. फळीवर हातोडी मारली की आतला कुजका भाग सांगतो. आगबोटीची शिट्टी व्हायच्या आधी मला तिचं यंत्र ऐकू येतं. सबंध किनाऱ्यावर असे कान दुसऱ्याला नाहीत, हे मी डॉक्टरांनाही सांगणार आहे.

१० एप्रिल

दाखवून आलो. डॉक्टर तिशीतला, सडपातळ, बोलणं हळू. फार हळू. दोनदा मीच सांगितलं, डॉक्टरसाहेब, दमाने पण मोठ्याने बोला. कपाळावर गोल आरसा बांधतो, मधे भोक. खिडकीतलं ऊन त्या आरशावर घेऊन नेमकं कानात टाकतो. युक्ती मला आवडली.

आमची युक्ती मी त्यांना आधीच सांगून टाकली, जरा ऐटीतच. होडीला गळती लागली तर आपण काय करतो? फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठासतो, वरून राळ. मी म्हटलं, कानाला का नको? आमचा विठू सुतार हात जपून काम करणारा. दर पंधरवड्याला तो भिवाच्या कानात कोमट तेलाचा कापूस बसवतो, वरून नावाला राळ. वारा नाही, पाणी नाही. भिवाला निदान किनाऱ्यावर सरळ चालता येतं ते त्यामुळे.

डॉक्टरांनी चिमट्याने तो बोळा काढला. कंपाउंडर उठून दुसरी खिडकी उघडायला गेला. मी वास घेतला. आयुष्य मासळीत गेलेल्या माणसाला नाक मुरडायला लावील असा वास होता.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, जुना मचवा विकत घेताना काय बघता? मी म्हटलं, टाच मारतो, हातोडी मारतो. फळी पोकळ बोलली तर? तर ती फळी काढायची आणि नवी घालायची. वरून कापूस-राळ नाही का भरत? मी हसलो. म्हटलं, भरली तर दिसायला बरी दिसेल, आत कुजणं चालूच राहील आणि...

पुढचं त्यांनी मला बोलायला लावलं नाही. भिवा खाली बघत होता, पण मला वाटतं त्याचे ओठ हलले. दोन वर्षांत पोर पहिल्यांदा हसलं आणि ते माझ्यावर.

११ एप्रिल

विठूला झापला. तो म्हणतो, "शेट, मी शिमग्याआधीच बोललंव, आत वास मारतोय, ह्याला भरू नको. तुम्ही म्हणालांव, भर."

मला काही असं आठवत नाही. तोंडातल्या तोंडात बोलला असेल. हल्ली सगळेच तसे बोलतात. सत्यवती तेवढी मोठ्याने बोलते, आणि तेही इतकं की शेजाऱ्यांना वाटावं भांडण चाललंय. उपासाने पित्त वाढलं असणार.

२४ एप्रिल

डॉक्टर दर दोन दिवसांनी कान साफ करतात. आधी कोरडा करायचा, मग पुढचं. पुढचं काय ते अजून नीट सांगत नाहीत. मी दोनदा खोदून विचारलं. माणूस पक्का आहे. व्यापारात असता तर मला जड गेला असता.

संध्याकाळी मी मासळीचा लिलाव पुकारतो तेव्हा भिवा माझ्याजवळ बसतो. समुद्रावर जात नाही तर घरी बसून काय करील, म्हणून मीच दोन वर्षांपूर्वी बसवायला लागलो. एक खोड लागली आहे त्याला. कोणी बोली बोलला की हा ती माझ्या बाजूला तोंड करून पुन्हा म्हणतो, जप केल्यासारखा. "महिपत सव्वा. मागून मुकादम दीड." मी म्हणतो, अरे, मी काय बहिरा आहे? गप्प बसतो आणि पुढच्या बोलीला पुन्हा तेच. नाद असतो एकेकाला.

आज पापलेट चांगलं आलं. महिपत हा लिलावातला सगळ्यांत चिवट गिऱ्हाईक, तो जाताना म्हणाला, "काशीरामशेट, तुमचो मुलगो हाय तवर तुमच्याकडनं एक दमडी सुटत नाय." बरं वाटलं. मुलगा जवळ बसल्याने बापाला जोर येतो, हे लोकांनाही दिसतं.

१४ मे

डॉक्टरांनी आज सगळं सांगितलं. कान कोरडा झाला आहे. आता ती गुहा भरायची.

मी म्हटलं, कशाने? तर म्हणाले, लोकांनी बरंच करून बघितलं आहे. कोणी रक्ताची गाठ तशीच राहू दिली, ती कुजली. कोणी मेण ओतलं, ते काही वर्षांनी बाहेर आलं. कोणी पोटाची चरबी घातली, ती आक्रसते. मी लगेच धोतर वर केलं आणि म्हटलं, चरबीच हवी तर माझ्या मांडीची घ्या, भरपूर आहे, पोराला आणखी कापू नका. डॉक्टर हसले. दुसऱ्याचं मांस अंगी लागत नाही म्हणाले. बापाचं? बापाचंही नाही. हे मला पटलं नाही, पण लिहून ठेवतो.

मग त्यांनी भिवाच्या कानाच्या वर, कानशिलावर बोट ठेवलं. चावताना तिथे स्नायू हलतो तो. त्याची एक पट्टी सोडवायची, पण खालचं मूळ तोडायचं नाही. मुळासकट खाली वळवून गुहेत बसवायची. मूळ लागलेलं असतं म्हणून रक्त चालू राहतं, म्हणून ती जगते आणि हाडाला धरते. वरून मांडीची कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ कातडी.

"हापूसचं भेटकलम बघितलंयत ना?" डॉक्टर म्हणाले. "फांदी आईच्या झाडावरच ठेवून रोपाला बांधतात. धरल्याशिवाय आईपासून तोडत नाहीत. तसंच. फक्त आम्ही आईपासून कधीच तोडत नाही."

हे मला पुरतं समजलं. मी विचारलं, नारळीपौर्णिमेला हा सुकाणूवर असेल का? ते म्हणाले, "मी गुहा उघडून बघेन. आत जरा जरी कुजकं राहिलेलं दिसलं तर साफ करीन आणि न भरता बाहेर येईन. कुजक्यावर भरलं तर ते आत वाढतं आणि मेंदूकडे जातं. तेव्हा पौर्णिमा मला विचारू नका."

मी खूप घासाघीस केली. मी घासाघीस केल्यावर न वाकणारा माणूस मी हर्ण्यानंतर पहिल्यांदा बघितला. तोंड वाकडं होण्याचाही धोका आहे म्हणाले. चेहऱ्याची शीर त्या गुहेच्या भिंतीतूनच जाते. आणि कान पुन्हा ऐकू लागेल असं समजू नका, ऐकण्याची हाडं आधीच गेलेली आहेत. त्या कानाला टेकवून वाजवलं तर तेवढं कळेल. मी म्हटलं, ऐकायला दुसरा कान आहे आणि मी आहे. आम्हाला समुद्र हवा.

निघताना डॉक्टर माझ्या मागे उभे राहून काहीतरी बोलले असावेत, कारण भिवा आणि सत्यवती दोघंही माझ्याकडे बघत होती. मी वळून विचारलं, काय? तर म्हणाले, "तुमचे कान कधी दाखवलेत का कुणाला?" मी म्हटलं, दाखवायचे कशाला, लोक ते बघायला येतात. तिघांतलं कोणी हसलं नाही.

२४ मे

मचवे वाळूवर ओढले. हंगाम संपला. मी माझ्या सवयीने हातोडी घेऊन एकेक फळी वाजवत गेलो. सगळ्या टणटणीत. भिवा माझ्या मागून येत होता. मधल्या मचव्याशी म्हणाला, "बाबा, ही परत वाजवा." वाजवली. मी म्हटलं, उत्तम. त्याने खिशातला चाकू काढला आणि त्याचं पातं त्या फळीत मुठीपर्यंत घातलं.

पाऊस जवळ आला की हवा जड होते, आवाज दबतो. विठूला मी तसं सांगितलंही. विठू म्हणाला, "व्हय शेट." त्याने नवी फळी कापायला घेतली.

१ जून

उद्या सकाळी. डॉक्टरांना ऊन हवं. पाऊस लागला की आरशाला ऊन मिळणार नाही, गॅसबत्तीवर ते एवढं बारीक काम करणार नाहीत. म्हणून उद्याच, नाहीतर दिवाळीनंतर. मी दिवाळी ऐकलीच नाही असं केलं.

सत्यवतीने जेवताना तोंड उघडलं. म्हणाली, दोन वर्षं तो जमिनीवर आहे, दोन वेळा जेवतो, आपल्या डोळ्यांसमोर आहे. पुन्हा कानशिलात हत्यार घालायला सांगताय ते कुणासाठी? मी म्हटलं, त्याच्यासाठी. खारव्याचं पोर वाळूवर बसून दुसऱ्याच्या होड्या मोजत म्हातारं व्हायचं का?

मग भिवालाच विचारलं. तो बराच वेळ बोटाने पाटावर काहीतरी काढत राहिला. म्हणाला, "मला जायचं आहे. रोज रात्री मी सुकाणूच धरतो, बाबा. पण मी गेलो तर लिलावाला तुमच्याजवळ कोण बसेल?"

मला राग आला. हे भित्रेपण आहे, किनाऱ्याची चटक आहे, असं मी स्पष्ट बोललो. तू जन्मायच्या आधी लिलाव करीत होतो मी. त्याने आईकडे बघितलं. ती उठून आत गेली.

तोंड वाकडं होण्याचं मीही झोपताना मनात आणलं. आणि कुजकं सापडलं तर न भरता येणार, त्याचंही. पण हात घातला आहे तो काढायचा नाही.

२ जून

ऊन मिळालं. सकाळी आठला आत नेला, क्लोरोफॉर्मचा वास बाहेरपर्यंत आला. आम्ही दोघं पडवीत बाकावर. दारापलीकडेच टेबल. छिन्नी-हातोडीचा आवाज येईल, घाबरू नका, असं कंपाउंडर आधीच बजावून गेला होता.

सत्यवती थोड्या वेळाने कानांवर दोन्ही हात दाबून बसली, डोळे मिटून. मी तिला समजावलं, अगो, आवाज कुठे येतोय, डॉक्टरचा हात किती हलका आहे बघ. तिने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले. बायकांना अशा वेळी नसलेलं ऐकू येतं.

ऊन खिडकीवरून सरकेपर्यंत चाललं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा कपाळावर आरशाचा वळ उठला होता. म्हणाले, आत वरच्या कोपऱ्यात मोत्याएवढी पांढरी गाठ होती, कातडीची. बोळ्याच्या मागे दडून वाढलेली. ती राहती तर दोन-चार वर्षांत पुन्हा मुंबईची पाळी आली असती, आणि कदाचित तीही नसती.

मी विचारलं, मग भरलं नाहीत?

"गाठ अख्खी निघाली. हाड चारी बाजूंनी कोरून गुळगुळीत केलं, कडा खाली आणल्या, भिंगाखाली दोनदा बघितलं. स्वच्छ आहे. भरलं."

तेवढ्यात सत्यवती आत घुसली होती. भिवा ग्लानीत होता. तिने त्याला हाक मारली, तर त्याने डोळे उघडून दोन्ही बाजूंनी सारखं तोंड हलवलं. चेहरा सरळ आहे. तिला तेवढंच हवं होतं.

५ जून

ताप चढला. कानामागे सूज, ड्रेसिंगला ओल. डॉक्टर दोनदा येऊन गेले, तिसऱ्यांदा संध्याकाळी. त्यांनी माझ्याशी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. स्नायूची पट्टी जगली तर उद्या-परवा ताप उतरेल. कलम मेलं तर सगळं काढून टाकावं लागेल, गुहा होती तशीच राहील, थोडी मोठी.

पाऊस सुरू झाला. मी झाडगावातच राहिलो आहे, पडवीत. सत्यवती म्हणते, तुम्ही घरी जा, इथे घोरता. जात नाही. पोराला त्या टेबलावर मी नेला.

७ जून

ताप उतरला. डॉक्टरांनी ड्रेसिंग सोडून सुईच्या टोकाने त्या मांसाला हलकेच टोचलं, रक्ताचा ठिपका आला. लाल, ताजा. त्यांनी तो मला बोलावून दाखवला. म्हणाले, कलम धरलं.

मी त्यांना म्हटलं, तुम्ही जेवायला आलं पाहिजे. म्हणाले, मी मासळी खात नाही. सत्यवतीने ते ऐकून म्हटलं, मीही नाही खात, चला.

१७ जुलै

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच हवं होतं. पाऊस, ड्रेसिंग, पेज. भिवाची मांडी कातडी काढली तिथे कानापेक्षा जास्त दुखली, ह्यावर तो सगळ्यांशी विनोद करतो. चावताना कानाच्या आत काहीतरी हलल्यासारखं वाटतं म्हणतो. डॉक्टर म्हणतात वाटणारच, जबड्याचा स्नायू तिथे राहायला गेला आहे.

गुहेच्या जागी आता उथळ खळगी आहे, नारळाच्या डोळ्याएवढी. कोरडी. वास नाही. मी स्वतः नाक लावून बघितलं.

९ ऑगस्ट

आज परीक्षा झाली. डॉक्टरांनी मातीच्या घागरीतलं गार पाणी पिचकारीत घेतलं. ह्याच पाण्याच्या चार थेंबांवर भिवा मागे भिंत धरून ओकला होता. सत्यवती बाहेर गेली, बघवणार नाही म्हणाली. मी राहिलो.

पिचकारी रिकामी झाली. भिवा खुर्चीत बसून होता. डॉक्टर त्याच्या डोळ्यांत बघत होते, बुबुळं थरथरतात का ते. मग म्हणाले, उभा राहा. उभा राहिला. डोळे मिट. मिटले. एका पायावर. आम्हा खारव्यांच्या पोराला एका पायावर उभं राहा म्हणणं म्हणजे मासोळीला पोह म्हणणं. उभा राहिला, आणि वर मला म्हणाला, "बाबा, तुम्ही श्वास सोडा आता."

डॉक्टरांनी अटी घातल्या. बुडी मारायची नाही, सहा महिन्यांनी दाखवायचं, जन्मभर वर्षातून एकदा दाखवायचं. मी तिन्ही कबूल केल्या. पौर्णिमा मी विचारली नाही. त्यांनीच सांगितली.

१६ ऑगस्ट, नारळीपौर्णिमा

नारळ भिवाच्या हातून समुद्रात सोडला. मचव्याला विठूची नवी फळी, अजून रंग ओला. दाजी आपणहून सुकाणू सोडून पुढे जाऊन बसला. त्याच्या मनाचा मोठेपणा मी विसरणार नाही, शिडाचं सगळं काम ह्या हंगामात त्याच्याकडे.

धक्क्याबाहेर पहिली लाट आडवी आली आणि भिवाच्या उजव्या अंगावर फुटली, डोकीपासून पायापर्यंत. मी किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात होतो. मी बघितलं की त्याने डोकं झटकलं आणि मचव्याचं नाक सरळ खाडीच्या मुखाकडे ठेवलं. मग तो वळून ओरडून काहीतरी बोलला. सगळी होडी हसली, किनाऱ्यावरचे लोक हसले. मीही हसलो. काय म्हणाला ते नंतर विचारायचं राहिलं.

सत्यवतीने संध्याकाळी पुळ्याच्या दिशेला हात जोडले आणि कोळंबीचं कालवण खाल्लं. खाताना रडत होती. तिखट झालंय म्हणाली.

२३ ऑगस्ट

हंगामाचा पहिला मोठा लिलाव. भिवा समुद्रात, मी एकटा. एकटा म्हणजे नेहमीसारखाच.

सुरमईचा मोठा वाटा होता. महिपत बोलला, मी दोनदा पुकारलं, कोणी चढलं नाही, देऊन टाकला. टोपल्या उचलल्यावर मागून मुकादम पुढे आला, तोंड लाल. म्हणाला, "काशीरामशेट, मी तीन वेळा वर बोललो. घसा बसला माझा. दुष्मनी काय आहे?"

लाट मोठी होती. लोकांना मी तेच सांगितलं. पण मग बांगड्याच्या वाट्यालाही तसंच झालं, तेव्हा लाट नव्हती. महिपत हसला नाही. तो हसला असता तर मला बरं वाटलं असतं. तो जवळ येऊन माझ्या तोंडासमोर उभा राहून, लहान मुलाशी बोलावं तसा म्हणाला, "शेट, भिवाक किनाऱ्यावर बसवा ना."

घरी सत्यवतीनेही तेच विचारलं, बोलावून घेऊ का त्याला? मी ताट सारलं. ज्याला समुद्रावर घालायला मी हाडं कोरवली त्याला पुन्हा वाळूवर आणून बसवू? मेलो तरी नाही. लोकांनी मोठ्याने बोलायला शिकावं.

२८ ऑगस्ट

भिवा काल भरला मचवा घेऊन आला. तोंड उन्हाने काळं, हसणं पूर्वीचं. आज डॉक्टरांकडे मी त्याला घेऊन गेलो, आणि मला तर वाटतं तोच मला घेऊन गेला.

कान उत्तम आहे. डॉक्टरांनी खिशातलं घड्याळ काढलं. डाव्या कानापासून हातभर लांब धरलं, भिवाला टिकटिक ऐकू आली. मग उजव्या, भरलेल्या कानाजवळ आणत आणत टेकवलं. भिवा म्हणाला, आता येतेय, लांबून, पाण्याखालून आल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, मी सांगितलं होतं तेवढंच. त्यांनाही आनंद झालेला दिसला.

भिवा म्हणाला, "डॉक्टर, एकदा बाबांचं बघा." गमतीने म्हणतोय असं मला वाटलं. मीही गमतीने पगडी काढून खुर्चीत बसलो आणि म्हटलं, बघा, बघून घ्या, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे कान.

डॉक्टरांनी घड्याळ एका बाजूला धरलं, मग दुसऱ्या. जवळ आणलं. टेकवलं, धातूचा गारवा लागला. मी थोडा वेळ वाट बघितली आणि म्हटलं, डॉक्टरसाहेब, किल्ली द्यायला विसरलात, घड्याळ बंद पडलंय.

त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं. सेकंदाचा काटा फिरत होता.